पाटीवर पाच, चिमट्यावर अकरा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःजवळसुद्धा नाही — तिथे बसूनही मी उद्याच्या साइटचाच विचार करत असते, खोटं कशाला बोलू? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि जळगावात मला न ओळखणारं माणूस आता शोधूनच काढावं लागतं.

फुशारकी वाटली ना? वाटू द्या. फुशारकीच आहे ती. ही सगळी गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते.

माझं नाव करुणा. मेहरूणच्या अंगाला माझं जनरेटरचं दुकान आहे. दवाखाने, डाळ मिल, मंगल कार्यालयं, दूध डेअऱ्या — वीज गेल्यावर यातलं जे जे चालू राहतं, त्यातलं बरंचसं माझ्या हातचं आहे. बाई आणि जनरेटर म्हटल्यावर पहिली काही वर्षं लोक दुकानात डोकावून विचारायचे, "मालक आहेत का?" मी म्हणायची, "आहेत ना. तुमच्यासमोरच उभ्या आहेत." आता कुणी विचारत नाही. आता 'जनरेटरवाली ताई' म्हटलं की रिक्षावालासुद्धा बरोबर आणून सोडतो.

आणि मी चांगली आहे हो या कामात. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. मशीन कुणीही विकतं. खरं काम असतं माप ठरवण्याचं. गिऱ्हाईक येतं आणि पहिला प्रश्न काय विचारतं, माहीत आहे? "शेजारच्याकडे कितीचा आहे?" शेजारी पंचवीस केव्हीएचा असला की याला तीसचा पाहिजे. अहो, जनरेटर म्हणजे काय लग्नातला फेटा आहे का, व्याह्यापेक्षा उंच बांधायला? लहान घेतला तर तो दम तोडतो, हे सगळ्यांना कळतं. पण नको तितका मोठा घेतला तरी वाईटच. ओझं नसताना चालून चालून इंजिन आतून काजळतं, धुराड्यातून काळं तेल ठिबकायला लागतं आणि डिझेल पितं ते वेगळंच. चप्पल पायाच्या मापाचीच हवी, असं मी सगळ्यांना सांगते.

त्यात मोटरी असल्या की हिशेब आणखी नाजूक. बैलगाडी जागची हलवताना बैल कसा मान खाली घालून जोर लावतो आणि एकदा चाकं फिरली की कसा निवांत चालतो — मोटरचं अगदी तसंच आहे. उठताना ती पाच-सहा पट वीज ओढते. तो उठतानाचा धक्का जो धरत नाही, तो जनरेटर शोभेचा.

आणि आमच्याकडे तर आणखी एक गंमत आहे. विहिरीवरची मोटर जळली की आमची माणसं ती भरून घेतात. म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून घेतात. भरणारा हळूच विचारतो, "जरा दाबून भरू का?" आणि मालक मान डोलावतो. झालं — बाहेरच्या पाटीवर पाच पॉवर, पोटात साडेसात पॉवरचा जोर. अख्ख्या खानदेशाला हे ठाऊक आहे. म्हणून आमच्या धंद्याचा पहिला धडा असा, की मोटरची पाटी वाचायची नाही, तारेला चिमटा लावायचा. चिमटा म्हणजे टाँग टेस्टर. वायरीभोवती धरला की आतून किती अँपिअर करंट जातो ते दाखवतो. पाच पॉवरच्या खऱ्या मोटरवर तो साधारण साडेसात अँपिअर दाखवेल. दाबून भरलेली असली तर दहा, अकरा — काहीही.

हा धडा मला माझ्या आबांनी दिला. आबा म्हणजे माझे वडील, असोद्याचे. वीज खात्यात लाइनमन होते. खांबावर चढणाऱ्या माणसाला मोजमाप म्हणजे चेष्टा नसते. "अंदाजावर चढणारा खाली पायानं उतरत नाही," असं म्हणायचे ते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान आम्हा दोघा भावंडांना काढून दिलं — मला आणि माझ्या धाकट्या भावाला, मिलिंदला. पाटीवर दोघांचीही नावं होती. मोठ्या अक्षरात 'करुणा-मिलिंद', खाली जनरेटरचं चित्र.

मिलिंदबद्दल सांगते. आधी त्याच्याबद्दलच सांगायला हवं.

तो बोलायला कमी, मोजायला पक्का. मी दुकान सांभाळायची, गिऱ्हाइकाला बोलण्यात बांधायची. तो साइटवर जायचा, चिमटा लावायचा आणि मला फोनवर आकडे सांगायचा. लिहून ठेवायची पद्धत आमच्यात नव्हतीच. एकदा तो म्हणाला होता, ताई, एखादी वही करू या. मी म्हणाले, "वही कशाला? मी आहे ना!" आणि खरंच, दोन वर्षांपूर्वीच्या साइटवरची मोटर कितीची होती हे मी झोपेतून उठवलं तरी सांगायची. मिलिंदला त्याचं फार कौतुक. आकडा सांगून झाला की तो पाटी पुसल्यासारखा विसरून जायचा, कारण तो ताईच्या डोक्यात गेला म्हणजे तिजोरीत गेला. इतका विश्वास. तुमच्यावर कुणी ठेवलाय का कधी असा?

आता भडगाव. सांगते, थांबा.

भडगावचे शकूरभाई केळीचे व्यापारी. चांगला माणूस, बोलायला गोड, खर्चाला जरा हात आखडता. त्यांनी केळी पिकवायच्या तीन खोल्या बांधल्या होत्या. हिरवा माल आत भरायचा, गॅस द्यायचा आणि थंडाव्यात हळूहळू पिकवायचा. एकदा गॅस दिला की केळी आतून स्वतःच तापायला लागते. तेव्हा थंडावा तुटला तर ती पिकत नाही, उकडते. म्हणून वीज गेली की जनरेटर हवाच. शकूरभाईंनी कॉम्प्रेसर आणले होते एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातले, जुने, पट्ट्यावर चालणारे. आणि त्यांना लावलेल्या मोटरी? स्वतःच्याच मळ्यातल्या, विहिरीवरच्या.

आलं लक्षात? विहिरीवरच्या मोटरी. मलाही यायला हवं होतं. लहान पोराच्याही आलं असतं.

थंडीचे दिवस होते. शकूरभाईंनी मला बोलावलं होतं आणि धुळ्याच्या हिलालभाऊंनाही. हिलालभाऊ म्हणजे धुळ्याचे जुने जनरेटरवाले, माझ्याहून वयाने बरेच मोठे. त्यांनी खोल्यांभोवती एक चक्कर मारली, मोटरीच्या अंगावर हात फिरवला आणि म्हणाले, "शकूरभाई, चाळीसना खाले नका जावा." एवढंच. कारण सांगितलं नाही. मला ते लागलं. ओट्यावर शकूरभाईंचे भाऊ होते, शेजारचे दुकानदार होते, चहा चालला होता — आणि माझ्यासमोर दुसरं कुणी माप सांगतं म्हणजे काय?

मी म्हणाले, "हिलालभाऊ, धुळ्यातले रस्ते रुंद, म्हणून जनरेटरही रुंदच पाहिजे का?" सगळा ओटा हसला. मला चेव आला. मी मोटरींवरच्या पाट्या बोट ठेवून वाचून दाखवल्या — हे बघा पाच, हे पाच, हे पाच — आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पंचवीसचा पुरून उरेल. नाही पुरला तर माझ्या दुकानाची पाटी उतरवीन." हिलालभाऊंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि "बरं ताई" म्हणून गाडीला किक मारली. म्हाताऱ्या माणसाला मी चारचौघांत हसायला लावलं, याचं त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. उलट परतताना गाडीत मी गाणं गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी मिलिंद तिथे गेला — केबलची लांबी घ्यायला, सेटसाठी ओटा कुठे बांधायचा ते बघायला. मी त्याला मोटरी मोजायला सांगितलं नव्हतं. पण तो मिलिंद. तारेला चिमटा लावल्याशिवाय त्याला जेवण गोड लागायचं नाही. दुकानात गर्दी होती, त्याचा फोन आला. "जयभीम ताई. अगं, या मोटरी भरलेल्या आहेत. पाटीवर पाच आहे, पण चिमट्यावर तिन्हींवर अकरा येतोय."

अकरा. मी "हां, कळलं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मला हिशेब करायला किती वेळ लागतो असं वाटतं तुम्हाला? समोरचं गिऱ्हाईक 'ताई, पाणी मिळेल का' म्हणत होतं, त्याला ग्लास देईपर्यंत माझा हिशेब झालेला होता. पंचवीसचा सेट दोन मोटरी कशाबशा चालवेल आणि तिसरी उठताना बसेल. चाळीसच पाहिजे. हिलालभाऊंनी नुसता हात फिरवून सांगितलं होतं ते बरोबर होतं.

एक फोन करायचा होता. फक्त एक. शकूरभाई, मोटरी भरलेल्या निघाल्या, चाळीसचा पाठवते. ते "ठीक आहे ताई" म्हणाले असते. अजून सेट माझ्या गोदामातून हललासुद्धा नव्हता. मी फोन हातात घेतला आणि मला ओटा दिसला — हसणारी माणसं, आणि हे ऐकल्यावर ती पुन्हा कशी हसतील ते. भडगावातून ही बातमी धुळ्याला जायला कितीसा वेळ? मी फोन ठेवून दिला. पंचवीसचाच सेट पाठवला.

चाचणीला मी स्वतः गेले. हवेत गारवा, खोल्या अर्ध्या रिकाम्या, कॉम्प्रेसरवर ओझं नाही. एकेक मोटर थांबून थांबून लावली. तिसरीला इंजिन कण्हलं, दिवे मंदावले आणि मग सावरलं. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. "ताई, उन्हाळ्यात उचलेल ना?" मी म्हणाले, "तू मोजायचं बघ, निवडायचं माझ्यावर सोड." तो बरं म्हणाला. त्याला वाटलं, ताईने अकराचा हिशेब धरूनच निवडलं असेल. त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पण जनरेटर बंद पडला, एवढ्यावर हे संपत नाही. एवढंच असतं तर मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते. चूक काय, सगळ्यांच्याच होतात.

त्या वर्षी रमजान उन्हाळ्यात आला होता. इफ्तारीला केळी लागतात, म्हणून शकूरभाईंनी तिन्ही खोल्या गच्च भरल्या होत्या. गॅस देऊन झाला होता. आणि वादळ आलं. गिरणेच्या काठाने खांबच्या खांब आडवे झाले. वीज कधी येईल याचा पत्ता नाही. शकूरभाईंनी सेट चालू केला. दोन मोटरी धरल्या, तिसरी लावली की सगळं ठप्प. पुन्हा चालू, पुन्हा ठप्प. दोनच चालवा म्हणावं तर तिसऱ्या खोलीतला माल तापतोय. माणूस किती धीर धरणार? ते लावत राहिले, आणि शेवटी सेटने मानच टाकली. आतलं सर्किट जळलं.

सकाळी फोन आला. मी, मिलिंद आणि आबा, तिघेही गाडीने निघालो. आबांना मी नको म्हणत होते, पण ते ऐकतात का? लाइनमनचं रक्त, वादळ म्हटलं की घरात पाय ठरायचा नाही. मिलिंद गाडी चालवत होता. सारखा म्हणत होता, "असं कसं झालं? असं कसं झालं?"

मी काय करत होते, सांगू? मी आठवत होते. त्या थंडीत, भडगावला जाऊन आल्याच्या आठवड्यात, मिलिंद आणखी कुठे कुठे गेला होता ते. पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर, एरंडोल. चार-पाच साइटी, सगळीकडे पाच पॉवरच्या मोटरी. म्हणजे त्याच्या डोक्यात आकड्यांची सरमिसळ होऊ शकते. लिहिलेलं कुठेच काही नाही. आकडा फक्त माझ्या डोक्यात.

ते माझ्या तोंडून निसटलं, असं मी म्हणू शकते. तुम्ही विश्वासही ठेवाल. पण ते निसटलं नाही. जळगावपासून भडगावपर्यंत अख्खा रस्ता मी ते तयार करत होते.

पोचलो. खोलीचं दार उघडलं आणि आतून उकडलेल्या केळीचा गोडसर, जड वास अंगावर आला. वरून सालं राखेच्या रंगाची, आत नुसता लगदा. शकूरभाई पायरीवर बसले होते. त्यांचा रोजा होता, तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, तरी मला पाहून उठले. "दोन चालतात ताई. तिसरी लावली की बठ्ठं बसी जास," एवढंच म्हणाले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. ओट्यावर तीच माणसं होती, थंडीत हसलेली.

आबांनी मोटरी पाहिल्या. वाकून, हात लावून, टोपी मागे सारून. मग सरळ उभे राहिले आणि विचारलं, "या तर भरलेल्या आहेत. मोजल्या कुणी होत्या?"

"मी," मिलिंद म्हणाला.

"किती आला होता?"

मिलिंदने तोंड उघडलं. तो अकरा म्हणणार होता. मला ते त्याच्या ओठांवर दिसलं.

"साडेसात," मी म्हणाले. "मला फोनवर साडेसात सांगितलं यानं. त्यावर मी पंचवीसचा दिला."

माझा आवाज अजिबात हलला नाही. माझा आवाज कधी हलतच नाही, तोच तर माझा धंदा आहे. मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही हो — राग असता तर बरं झालं असतं. तो माझ्या चेहऱ्यावर शोधत होता, आपण काय सांगितलं होतं ते. कारण ते तिथेच ठेवलेलं असायचं ना, नेहमी. आणि मग त्याची नजर खाली गेली, स्वतःच्या हातांवर. "साडेसात?" तो पुटपुटला. "असेल मग. त्या आठवड्यात फार पळापळ होती... मीच चुकलो असेन. ताईच्या लक्षात चूक होत नाही."

आबा म्हणाले, "मिल्या, तू खांबावर असतास तर आज कुणाचा तरी जीव घेतला असतास. यापुढे तू मोजू नको." तिथेच, सगळ्यांसमोर.

आणि त्यानंतर मी जे केलं त्यावरून आजही लोक माझं नाव घेतात. मी शकूरभाईंना म्हणाले, "भावाची चूक ती माझी चूक. चाळीसचा सेट माझ्या पदरचा बसवते, आणि मालाचं नुकसानही भरून देते." भरून दिलंही. ओट्यावरची माणसं गलबलली. शकूरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बहीण असावी तर अशी." खोटं बोलून झाल्यावर लगेच मी थोर झाले, त्याच पायरीवर.

चाळीसचा सेट माझ्याकडे नव्हता. कुणाकडून आणला असेल? धुळ्याहून, हिलालभाऊंकडून. दुसरीकडे कुठे तयारच मिळेना. त्यांनी सेट गाडीत चढवून दिला, दोरी स्वतः आवळली आणि मग हळूच विचारलं, "ताई, त्या मोटरी भरेल शेतस ना?" मी म्हणाले, "हो, भरलेल्याच आहेत." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. माझ्या माहितीप्रमाणे ते हे कुणाजवळही बोललेले नाहीत. त्यांचं दुकान आता त्यांचा मुलगा बघतो. धुळ्याला गेले तर मी त्या रस्त्याने जात नाही.

मिलिंदने काही दिवस चिमटा हातात धरून पाहिला. एकच मोटर चार-चारदा मोजायचा. मग मला म्हणायचा, ताई, तू एकदा ये ना. गिऱ्हाईकही कुजबुजायला लागलं, की मोजायला ताईच हव्यात. एक दिवस त्याने सांगितलं, सुरतला कापडाच्या मालाच्या गोदामात नोकरी मिळतेय, जातो. मी त्याला थांब म्हणाले नाही. थांब म्हणायचं तर पुढचंही बोलावं लागलं असतं. त्याने जाताना माझ्या पायांना हात लावला. "ताई, तू त्या दिवशी मला सांभाळून घेतलंस, मी विसरणार नाही," म्हणाला. आशीर्वाद द्यायला मी हात वर केला. केला मी तो हात वर.

आबांनी दुकान माझ्या एकटीच्या नावावर केलं. रंगारी आला आणि त्याने पाटीवरचं मिलिंदचं नाव पुसलं. ओट्यावर मी पैज लावली होती ना, पुरला नाही तर पाटी उतरवीन? उतरली. पण त्याच्या नावाची. आबा गेले तेव्हाही त्यांना तेच ठाऊक होतं — पोरगी हुशार, पोरगा मोजमापात कच्चा. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाले, "मिल्याकडे लक्ष ठेव." मी हो म्हणाले.

अजून एक आहे. हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय, म्हणून सांगूनच टाकते. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगते. हो, दुकानात बसून. कुणी म्हणालं, ताई, मोजायची काय गरज, पाटी वाचा आणि द्या सेट — की मी सांगते, "अहो, आमच्या भावाने एकदा भडगावात असंच केलं..." आणि मग केळीचा वास, रमजान, शकूरभाई, सगळं रंगवून सांगते. हातवारे करते. लोक ऐकतात आणि मुकाट मोजू देतात. फार उपयोगी पडते ती गोष्ट. त्या गोष्टीवर माझं अर्धं नाव उभं आहे, असं म्हटलं तरी चालेल. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती. दुसऱ्यांदा नाही.

यंदा दिवाळीनंतर मिलिंदचा सुरतहून फोन आला. तो राहतो त्या इमारतीत जनरेटर घ्यायचा होता — लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. कमिटीने याला विचारलं, कारण कुणाला तरी कळलं की हा पूर्वी त्या धंद्यात होता. "ताई, मोजलंय मी. पण माझ्या हातावर माझाच भरवसा नाही. तू येशील का?" मी गेले. का नाही जाणार? भाऊ आहे माझा.

स्टेशनवर घ्यायला आला होता. केस पिकलेत. आम्ही तडक मोटरीपाशीच गेलो. त्याने डावा तळहात पुढे केला. त्यावर पेनाने आकडे लिहिलेले होते — पंप, लिफ्ट, सकाळचा, संध्याकाळचा, बारीक अक्षरात, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. मला हसायला आलं. "हे काय रे, शाळेतल्यासारखं?" तोही हसला. "भडगावपासून सवय लागली बघ. मोजलं की लगेच हातावर लिहितो. घरात भाजी आणायची असली तरी. डोक्यावर विश्वास राहिला नाही." हे सगळं हसत हसतच.

मी चिमटा काढला आणि पंपाच्या वायरीला लावला. त्याच्या हातावर होता तोच आकडा आला. लिफ्टची मोटर — तोच. उठतानाचा धक्का त्याने किती धरला होता ते विचारलं, तेही बरोबर. निवडलेलं माप इतकं नेमकं, की मी स्वतः निवडलं असतं तर एक पायरी मोठंच सांगितलं असतं. तो बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. भडगावात बघत होता, तसाच.

"बरोबर आहे का गं?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"हुश्श," म्हणाला तो. "तू सांगितलंस ना, आता बिनघोर."

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो तिथे, तिसरं कुणी नव्हतं. तो नळाखाली हात धुवायला गेला. साबण लावून आकडे चोळत राहिला. वर घरी त्याच्या बायकोने वरण-बट्टी केली होती. मी जेवले. दोनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी जळगावला परत आले आणि दुकान उघडलं.

दुकान आजही उघडंच आहे आणि चांगलं चालतं. माप मी आजही बरोबरच काढते. भडगाव सोडलं तर माझा एकही सेट बंद पडलेला नाही — आणि भडगावलाही माझा हिशेब चुकला नव्हता, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. मिलिंदवर का ढकललं, याला माझ्याकडे कारण नाही. आणि असलं तरी ते मी तुम्हाला सांगणार नाही.

एवढंच लिहून ठेवते, जसं त्या दिवशी कुणीच लिहिलं नाही. भडगावात तीन मोटरी होत्या. पाटीवर पाच होतं. मिलिंदने चिमटा लावला, मला फोन केला आणि सांगितलं — अकरा. तिन्हींवर अकरा. त्याने बरोबर मोजलं होतं.